क्ष म्हणजे नेमकं कोणाचं वय?
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि सोबत विषयही दिला आहे: ‘तू नक्की काय काम करतेस, ते एकदाचं सांगून टाक.’ माझ्या आधी जे बोलले त्यांचं बरं आहे. एकाचं खतांचं दुकान आहे, एक जण तहसील कचेरीत आहे, आपली एक मैत्रीण भूलतज्ज्ञ आहे. कामाचं नाव घेतलं की चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं. मी ‘एपीआय गेटवेवर काम करते’ म्हटलं की समोरचा मान डोलावतो आणि विचारतो, ‘मुलं काय करतात?’ आपल्या ग्रुपवरच्या निम्म्या मंडळींची तर अशी समजूत आहे की मी प्रिंटर दुरुस्त करते. म्हणून आज जरा सविस्तर सांगते. मध्येच कोणाला डुलकी लागली तर राग नाही. जेवणानंतरचा तास आहे, आणि या वर्गात जेवणानंतरच्या तासाला कोण कोण झोपायचं ते मला अजून पाठ आहे.

तुम्ही फोनवर बँकेचं अ‍ॅप उघडता आणि ‘शिल्लक’ या शब्दावर बोट ठेवता. ती रक्कम तुमच्या फोनमध्ये नसते. फोन बँकेच्या कॉम्प्युटरला विचारतो, तो उत्तर देतो. हे विचारण्याची एक ठरलेली रीत असते: कोणते रकाने भरायचे, कोणत्या क्रमाने, आणि उत्तर कोणत्या नमुन्यात मिळणार. त्या रीतीला एपीआय म्हणतात. कचेरीतल्या छापील अर्जासारखंच, फक्त इथे अर्ज करणाराही कॉम्प्युटर आणि स्वीकारणाराही कॉम्प्युटर. मोठ्या संस्थेत असे शेकडो अर्ज-नमुने असतात आणि ते घेणाऱ्या शेकडो खिडक्या. प्रत्येक खिडकीवर ‘तू कोण, तुला परवानगी आहे का, सकाळपासून कितीदा आलास’ हे पुन्हा पुन्हा विचारत बसण्यापेक्षा सगळ्यांच्या पुढे एकच नाका उभा करतात. आपल्या गावात शिरताना जकात नाका लागायचा, आठवतो? ट्रक थांबायचा, कागद बघायचे, पावती फाडायची, बांबू वर व्हायचा. जकात गेली, नाका गेला. माझा मात्र अजून आहे. त्या नाक्याचं नाव गेटवे.

मी ज्या नाक्यावर काम करते तो मायक्रोसॉफ्टचा, अझूर एपीआय मॅनेजमेंट. मुळात तो अ‍ॅपिफनी नावाच्या एका छोट्या कंपनीचा होता, ती मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये विकत घेतली. गूगलकडे असाच अ‍ॅपिगी आहे, तोही २०१६ मध्ये विकत घेतलेला. कंपन्यांचं पुराण इथेच थांबवते.

नाक्यावर काय करायचं याचे नियम लिहिलेले असतात. त्या एकेका नियमाला पॉलिसी म्हणतात. समोर बसलेल्या आपल्या विमा-प्रतिनिधींचे डोळे चमकले, पण ही ती पॉलिसी नव्हे. ‘ओळखपत्र तपास’ ही एक पॉलिसी. ‘एका मिनिटात शंभरापेक्षा जास्त वेळा आला तर परत पाठव’ ही दुसरी. नियम लिहायचे चार रकाने आहेत: विनंती आत येताना, ती पुढच्या सर्व्हरकडे धाडताना, उत्तर बाहेर जाताना, आणि काही बिघडलं तर. ते वरून खाली, लिहिले आहेत त्याच क्रमाने चालतात.

आता समजा तुमच्याकडे साठ एपीआय आहेत आणि ओळखपत्र तपासण्याच्या त्याच वीस ओळी साठ ठिकाणी उतरवून काढल्या आहेत. उद्या नियम बदलला की साठ ठिकाणी खाडाखोड. त्यातली तीन ठिकाणं राहून जाणार, आणि चोर नेमका त्या तिनांपैकी एका ठिकाणी येणार. म्हणून त्या वीस ओळी एकदाच लिहून बाजूला ठेवायची सोय आहे. तिला पॉलिसी फ्रॅगमेंट म्हणतात. फ्रॅगमेंट म्हणजे तुकडा. जिथे हवा तिथे ‘इन्क्लूड-फ्रॅगमेंट’ अशी एक ओळ लिहायची, की गेटवे त्या जागी तो तुकडा जसाच्या तसा आणून बसवतो.

‘जसाच्या तसा’ हे शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

एका तुकड्याने शोधून काढलेली गोष्ट पुढच्या तुकड्याला कशी कळवायची, हा खरा प्रश्न आहे, आणि माझा बराचसा पगार या एका प्रश्नावर निघतो. पहिल्या तुकड्याने ओळखपत्र तपासलं, आलेली व्यक्ती कोण ते त्याला कळलं. चौथ्या तुकड्याला तेच हवं आहे. त्याने ते कुठून घ्यायचं? साध्या प्रोग्रॅममध्ये याची सोय शिंप्याच्या दुकानासारखी असते. कापड आणि माप एका हाताने दिलं, शिवलेला ब्लाउज दुसऱ्या हाताने घेतला. काय द्यायचं आणि काय परत मिळणार हे दुकानाच्या दारातच ठरतं. या फ्रॅगमेंटना तसं दार नाही. बोलावताना त्यांच्या हातात काही देता येत नाही आणि ते परतही काही हातात देत नाहीत. गूगलच्या अ‍ॅपिगीत निदान बोलावताना पॅरामीटर देण्याची सोय आहे. आमच्याकडे तीही नाही.

आमच्याकडे आहे फक्त एक फळा.

आपल्या वर्गातला फळा डोळ्यांसमोर आणा. उजव्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात खडूने चौकट काढलेली असायची: वार, दिनांक, पट, हजर, गैरहजर. पहिल्या तासाला वर्गशिक्षक हजेरी घ्यायचे आणि मॉनिटर तो आकडा लिहायचा. मग दिवसभर सात शिक्षक यायचे. प्रत्येक जण मधला फळा पुसायचा, स्वतःचं लिहायचा, पण कोपऱ्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या तासाला शिपाईमामा यायचे, दारातूनच कोपऱ्याकडे बघून आकडा वहीत टिपायचे आणि पुढच्या वर्गाकडे जायचे. बाईंना ते काही विचारायचे नाहीत. बाईंनाही ते येऊन गेल्याचं कळायचं नाही. कोपरा कोणी पुसू नये असा नियम कुठल्या कागदावर नव्हता. तरी वर्षानुवर्षं चालायचं.

गेटवेमधला फळा अगदी असा आहे. नाक्यावर एक विनंती आली की तिच्यापुरता एक कोरा फळा मिळतो. त्याचं नाव ‘कॉन्टेक्स्ट व्हेरिएबल्स’. ‘सेट-व्हेरिएबल’ ही पॉलिसी लिहिली की त्यावर एक नाव आणि एक किंमत लिहिली जाते. त्यानंतर चालणारा कोणताही नियम ते नाव घेऊन किंमत वाचू शकतो. उत्तर बाहेर गेलं की फळा संपला. दुसऱ्या विनंतीला दुसरा फळा, एकाचं दुसऱ्याला दिसत नाही. इतकं सगळं छान आहे. पण एका विनंतीच्या आत मात्र फळा एकच. तुकडे जसेच्या तसे आणून बसवलेले, त्यामुळे कोणत्याही तुकड्याला स्वतःचा वेगळा फळा नाही. सगळे त्याच एका फळ्यावर लिहिणार आणि कोणीही कोणाचंही पुसून लिहू शकणार. वर पुन्हा, तुकडा लिहिणाऱ्याला आपल्या आधी कोण येऊन गेलं आणि आपल्या मागून कोण येणार हे माहीत नसतं, कारण तो कुठे बसवायचा हे बसवणारा ठरवतो.

इथे मला आपल्या गणिताच्या सरांची आठवण काढायलाच हवी. सर समोरच बसले आहेत, आणि त्यांनी शिकवलेली एक गोष्ट मी रोजच्या कामात वापरते हे त्यांना आज पहिल्यांदाच कळणार आहे. व्हेरिएबल म्हणजे आपल्या पुस्तकातला ‘चल’. बीजगणितातलं उदाहरण सोडवताना आपण सरळ ‘समजा क्ष’ म्हणून घोडं दामटायचो. सर तिथेच थांबवायचे. क्ष म्हणजे काय? राजूचं वय, सर. आजचं की पाच वर्षांपूर्वीचं? आजचं, सर. वर्षांत की महिन्यांत? मग वहीत पूर्ण ओळ लिहायची: ‘राजूचे आजचे वय क्ष वर्षे मानू.’ ही ओळ नसेल तर उत्तर बरोबर असूनही अर्धा गुण कापायचे. आपण त्यांना मागून काय काय नावं ठेवायचो ते इथे सांगत नाही. वयांच्या उदाहरणांत गोंधळ व्हायचा तो याच ठिकाणी. पहिल्या ओळीत क्ष म्हणजे मुलाचं वय, आणि चौथ्या ओळीपर्यंत येईतो तो कधी बापाचं वय झाला ते कळायचं नाही. समीकरण सुटायचं, उत्तर यायचं, फक्त मुलगा अठ्ठेचाळीस वर्षांचा निघायचा.

गणितात निदान अठ्ठेचाळीस वर्षांचा मुलगा बघून हसू येतं. आमच्या कामात येत नाही.

काही वर्षांपूर्वी मी एका संस्थेसाठी काम पाहत होते. संस्थेचं नाव सांगत नाही. पॅथॉलॉजी लॅबच्या साखळीचं अ‍ॅप होतं. रक्त देऊन आलात की रिपोर्ट फोनवर. गेटवेवरचे नियम त्यांच्या दोन वेगवेगळ्या चमूंनी लिहिले होते, आणि अ‍ॅप सुरू होण्याआधी सगळं एकदा नजरेखालून घालायला मला बोलावलं होतं.

पहिल्या चमूचे दोन तुकडे होते. एक तुकडा ओळखपत्र तपासायचा. हे ओळखपत्र म्हणजे टोकन, त्याच्यावर छेडछाड ओळखू येईल अशी सही असते. सही तपासून झाली की टोकनमधला रुग्णक्रमांक काढून तो फळ्यावर ‘पेशंट-नंबर’ या नावाने लिहायचा. याचा अर्थ ‘जो विचारतो आहे त्याचा क्रमांक’. दुसरा तुकडा राखणदार. ज्याचा रिपोर्ट मागितला आहे त्याचा क्रमांक विनंतीच्या पत्त्यात असतो. तो क्रमांक आणि फळ्यावरचा ‘पेशंट-नंबर’ एकच असतील तरच पुढे सोडायचं, नाहीतर दारातूनच परत. सरळ आणि चोख काम.

दुसऱ्या चमूने एक तुकडा दुसऱ्याच एका एपीआयसाठी लिहिला होता: घरच्यांचे रिपोर्ट. मुलाने आईचा रिपोर्ट बघायचा असेल तर आईची परवानगी नोंदलेली आहे का, हे आतल्या एका सर्व्हरला विचारणारा. त्याला सुरुवातीलाच ‘कोणाचा रिपोर्ट हवा आहे’ तो क्रमांक लागायचा. तो त्यांनी पत्त्यातून घेतला आणि फळ्यावर लिहिला. नाव ठेवलं ‘पेशंट-नंबर’. त्यांच्या दृष्टीने तेच नाव बरोबर होतं. ज्याचा रिपोर्ट, तोच पेशंट.

मग कोणाला तरी वाटलं की मूळ रिपोर्टच्या एपीआयलाही ही घरच्यांची सोय देऊन टाकावी. एक ओळ वाढवली, ‘इन्क्लूड-फ्रॅगमेंट’, आणि ती ओळखपत्र आणि राखणदार यांच्या मधे बसवली.

आता काय झालं ते बघा. पहिल्या तुकड्याने फळ्यावर विचारणाऱ्याचा क्रमांक लिहिला. दुसऱ्याने तो पुसून, त्याच नावापुढे, ज्याचा रिपोर्ट हवा त्याचा क्रमांक लिहिला. राखणदार आला. त्याने पत्त्यातला क्रमांक पाहिला, फळ्यावरचा पाहिला, दोन्ही सारखे. असणारच, दोन्ही पत्त्यातूनच आलेले. कोणीही कोणाचाही क्रमांक पत्त्यात घालावा, राखणदार दर वेळी मान हलवून आत सोडणार.

कुठेही लाल दिवा लागला नाही. कोणताही तुकडा चुकीचा नव्हता. प्रत्येक तुकडा सुटा तपासलेला होता आणि पास झालेला होता. एकत्र बसवल्यावरच्या चाचण्याही पास होत होत्या, कारण त्या सगळ्या एकच प्रश्न विचारत होत्या: माणसाला स्वतःचा रिपोर्ट दिसतो का? दिसत होता. नियमांच्या मुख्य पानावर तर फक्त चार-पाच ‘इन्क्लूड’च्या ओळी होत्या. इतकं स्वच्छ पान की त्यावर शंका घ्यायचं मनात येऊ नये. नावं सगळी आत, तुकड्यांच्या पोटात.

हे पकडलं चाचण्या घेणाऱ्या एका मुलीने. नोकरीला लागून तिला वर्षही झालं नव्हतं. तिने चाचणीच्या एका खात्यातून आत जाऊन पत्त्यातला शेवटचा आकडा हाताने बदलला. दुसऱ्याच माणसाचा रिपोर्ट उघडला. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, ‘मॅडम, माझंच काहीतरी चुकतंय बहुतेक.’ अ‍ॅप सुरू व्हायला चार दिवस होते. चाचणीची खाती होती, नावं खोटी होती, त्यामुळे खऱ्या कोणाचं काही बाहेर पडलं नाही.

आपल्या गावात राहिलेल्यांना मी हे जास्त समजावून सांगायला नको. कोणाच्या घरात कसला रिपोर्ट आला, कोणाची गर्भ राहिल्याची चाचणी, कोणाची क्षयाची, कोणाची एचआयव्हीची, हे शेजारच्या आळीला कळलं तर त्या घराचं काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. सोयरीक मोडते, दुकानात गिऱ्हाईक यायचं थांबतं. एपीआयच्या सुरक्षेतल्या सर्वांत मोठ्या दहा धोक्यांची यादी ओवॅस्प नावाची संस्था काढते. २०१९ च्या यादीत आणि २०२३ च्याही यादीत पहिला नंबर याच प्रकाराचा आहे: माणूस खरा, त्याचं ओळखपत्र खरं, पण ती वस्तू त्याची आहे का हे नीट पाहिलंच गेलं नाही.

दुरुस्ती म्हणाल तर सरांनी सांगितली तीच. फळ्यावर दोन नावं केली: ‘विचारणाऱ्याचा क्रमांक’ आणि ‘ज्याच्याबद्दल विचारलं त्याचा क्रमांक’. नावाआधी ते लिहिणाऱ्या तुकड्याचं नाव जोडायचं, म्हणजे कोणी लिहिलं ते वाचतानाच कळतं. लांबलचक नावं झाली, तरुण मुलांनी नाकं मुरडली. मुरडू देत. एक नाव एकाच तुकड्याने लिहायचं, बाकीच्यांनी फक्त वाचायचं. आणि प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर शेरा: मला फळ्यावर काय काय लिहिलेलं लागतं, आणि मी जाताना काय लिहून जातो.

पण शेरा लिहा म्हटलं की पहिले तीन महिने लिहितात, हे इथल्या सगळ्या शिक्षकांना ठाऊक आहे. म्हणून आम्ही एक छोटा प्रोग्रॅम केला. तो सगळे नियम वाचतो आणि कोणतं नाव कोण लिहितं, कोण वाचतं याचा तक्ता काढतो. एका नावाचे दोन लिहिणारे सापडले की काम तिथेच अडवतो. यात एक मेख होती, ती सांगते, कारण आपल्यातल्या दोघा-तिघांची मुलं याच क्षेत्रात आहेत आणि हे पान त्यांच्या हाती पडेल. फळ्यावर फक्त ‘सेट-व्हेरिएबल’च लिहीत नाही. टोकन तपासणारी ‘व्हॅलिडेट-जेडब्ल्यूटी’ ही तयार पॉलिसी उघडलेलं टोकन फळ्यावर ठेवते. दुसऱ्या सर्व्हरला विचारणारी ‘सेंड-रिक्वेस्ट’ आलेलं उत्तर ठेवते. कॅशमधून वाचणारी पॉलिसी तिला मिळालेली किंमत ठेवते. मात्र या तिघी आपल्याला विचारतात की कोणत्या नावाने ठेवू, आणि आपण द्यायचं ते नाव त्यांच्या ओळीतच वाचायला मिळतं. आपण स्वतः रचलेले फ्रॅगमेंट तेवढी विचारपूस करत नाहीत, हा त्यांच्यातला मोठा फरक आहे. तक्त्यात त्या तिघींनाही धरावं लागतं, नाहीतर निम्मे लिहिणारे सुटतात.

कोपऱ्यात आकडाच नसेल तर शिपाईमामांनी काय करायचं, हाही एक प्रश्न आहे. गेटवेमध्ये नाव सरळ वाचायला गेलं आणि ते फळ्यावर नसलं तर तिथेच चूक होऊन विनंती कोसळते. ते टाळायला ‘असेल तर वाच, नसेल तर हे धर’ अशी एक सोय आहे, ‘गेट-व्हॅल्यू-ऑर-डिफॉल्ट’. बरीच मुलं ती सवयीने सगळीकडे घालतात, कारण मग काही कोसळत नाही. माझं मत वेगळं आहे. ‘कोणती भाषा’ नसेल तर मराठी धरा, खुशाल. पण ‘तपासणी झाली आहे का’ हे फळ्यावर नसेल तर ‘नाही’च धरायचं, आणि कोणाचा क्रमांक आहे हेच नसेल तर विनंती कोसळू द्यावी. मामांनी शून्य लिहून पुढे जाण्यापेक्षा दारात उभं राहून विचारलेलं बरं.

काही जण फळ्याऐवजी निरोप हेडरमध्ये घालून पुढे धाडतात. हेडर म्हणजे विनंतीच्या पाकिटावर वरून लिहिलेली टिपणं. यात अडचण अशी की पाकीट बाहेरून येतं, आणि बाहेरचा माणूस त्यावर तेच टिपण आधीच लिहून आणू शकतो. ‘मुलगा आजारी होता, कृपया क्षमा असावी’ या चिठ्ठीवर बाबांची सही करण्यात आपल्या वर्गातले दोन कलावंत किती पटाईत होते ते आठवा. गेटवेवर हेडर लिहिताना ‘आधीचं असेल तर काय करू’ असं विचारलं जातं. तिथे ‘असेल तर राहू दे’ निवडलंत की बाबांची सही चालून गेली. ‘असेल तरी पुसून माझं लिही’ हेच निवडायचं. आणि आतल्या आत निरोप द्यायचा असेल तर हेडर नकोच, फळा बरा. फळा बाहेरच्याला दिसतही नाही आणि लिहिताही येत नाही.

शेवटची एक गंमत. विनंतीच्या पोटात जो मजकूर असतो तो गेटवेवर वाचला की संपतो. पहिल्या तुकड्याने वाचला, दुसरा वाचायला गेला की पोट रिकामं. ‘वाच, पण शिल्लक ठेव’ असं स्पष्ट सांगावं लागतं. ते सांगितलेलं नसेल तर दोन तुकडे सुटे सुटे उत्तम चालतात आणि एकापाठोपाठ ठेवले की दुसरा उपाशी राहतो. नव्या माणसाचा यात हमखास एक दिवस जातो. भज्यांच्या परातीचं आज दुपारी मागच्या रांगेला जे झालं, तेच.

[भाषणानंतर सरांनी एक प्रश्न विचारला. संयोजकांच्या सूचनेवरून तो आणि माझं उत्तर इथे जोडते आहे.]

सरांनी विचारलं, ‘तास संपल्यावर आपण लिहिलेलं पुसून जावं ही साधी रीत आहे. तुझ्या या तुकड्यांना जाताना आपापलं पुसून जाता येत नाही का?’

सर, तुम्ही नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. पुसायची पॉलिसीच नाही. लिहायची आहे, वाचायची आहे, खोडायची नाही. फार तर त्याच नावापुढे रिकामी जागा लिहिता येते. पण मग पुढच्याने ‘हे नाव फळ्यावर आहे का’ असं विचारलं तर उत्तर ‘आहे’ असंच येतं, फक्त त्यापुढे काही नसतं. त्यामुळे आमच्याकडे वाचणाऱ्याने दोन्ही बघायचे: नाव आहे का, आणि असलं तर त्यापुढे काही लिहिलं आहे का. त्या तक्ता काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हीसुद्धा तपासणी घालायची आहे. ती पकड करणारी मुलगी आता तेच काम बघते. तुमचा प्रश्न तिला आज संध्याकाळीच कळवते.